ड्राफ्ट २०२५: यादी बनवतानाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४, वॉटर्लू (ऑन्टारिओ)

हंगाम सुरू व्हायला थोडा अवकाश आहे, तोवर कामाची चौकट आखून ठेवतो. जून २०२५मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मुख्य लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होणार आहे. त्यासाठी पहिल्या ३२ खेळाडूंची माझी स्वतःची यादी करायची आहे. दुसऱ्यांच्या याद्या समोर ठेवून त्यांची सरासरी काढायची नाही. ड्राफ्टच्या आदल्या रात्री यादी बंद करायची आणि पुढची पाच वर्षं तिला हात लावायचा नाही.

पुण्यातली मित्रमंडळी या नोंदी वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये रांग. सात फेऱ्या, ३२ संघ, प्रत्येक फेरीत प्रत्येकाची एक पाळी. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांचा नंबर आधी. अगदी वरच्या जागांसाठी सोडत निघते. पाळ्यांची आपसांत देवाणघेवाण चालते, पण खेळाडूला कोणी विचारत नाही. ज्यानं नाव पुकारलं त्याचा त्या मुलावर हक्क. मुलं बहुतेक अठराच्या आसपासची. कोकणात मोहोर बघून बाग खंडानं घेतात, तसाच हा व्यवहार: फळ हाती येईल ते चार-पाच वर्षांनी, बोली मात्र आज लावायची.

मी दिवसा एका विमा कंपनीत जोखमीची गणितं करतो, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. बर्फावर मात्र मी तिशीत पहिल्यांदा पाय ठेवला. तिथं भाच्याची मदत घेणार. तो पंधरा वर्षांचा आहे, किचनरमध्ये खेळतो आणि मला हॉकी समजत नाही याची त्याला खात्री आहे.

सध्याचे रकाने: नाव, संघ, लीग, जन्मतारीख, सामने, गोल, पहिला असिस्ट (गोलआधीच्या पासचं श्रेय), दुसरा असिस्ट (त्याच्याही आधीच्या पासचं), यांतले पॉवर प्लेमधले (समोर एक खेळाडू कमी असतानाचे) किती. आइस हॉकीत एका गोलमागे दोघांना असिस्ट मिळू शकतो, आणि दोन्ही एकेका गुणाचे. दुसऱ्या असिस्टवाल्यानं कधीकधी आपल्याच गोलजवळून पक (खेळायची चकती) नुसता पुढे सरकवलेला असतो. त्यामुळे हे दोन रकाने वेगळेच हवेत.

२२ सप्टेंबर

जन्मतारखेचा रकाना सर्वांत आधी भरला आणि त्यातच दिवस गेला.

नियम असा आहे: ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे या खेपेला १५ सप्टेंबर २००७ ही रेघ. पहिल्यांदाच पात्र ठरणाऱ्यांत सर्वांत मोठा मुलगा १६ सप्टेंबर २००६चा असू शकतो आणि सर्वांत धाकटा १५ सप्टेंबर २००७चा. मध्ये अख्खं वर्ष. अठराव्या वर्षी एका वर्षानं उंची, वजन, मनगटातला जोर, सगळंच बदलतं, पण यादीत दोघं शेजारी-शेजारी बसतात.

या रेघेचा सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक ऑस्टन मॅथ्यूज. जन्म १७ सप्टेंबर १९९७. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो ज्युनियर लीगमध्ये न घालवता स्वित्झर्लंडला, झुरिकच्या झेडएससी लायन्सकडून मोठ्या माणसांत खेळला आणि २०१६ला टोरांटोनं त्याला पहिला उचलला.

या वर्षीचं उलट उदाहरण मॅथ्यू शेफर, ईरी ऑटर्सचा बचावपटू. जन्म ५ सप्टेंबर २००७. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर त्याला २०२६ची वाट बघावी लागली असती. ब्रॅम्प्टनचा विंगर (कडेचा आक्रमक) पोर्टर मार्टोन २६ ऑक्टोबर २००६चा, बोस्टन कॉलेजचा सेंटर (मधला आक्रमक) जेम्स हेगन्स ३ नोव्हेंबर २००६चा. शेफर या दोघांहून दहा महिन्यांनी धाकटा.

हे नुसतं कुतूहल नाही. डीनर, लोवेन आणि कोब्ली यांचा २०१३चा अभ्यास आहे. १९८०पासूनच्या पंचवीसेक वर्षांतल्या ड्राफ्टमधले कॅनेडियन खेळाडू त्यांनी तपासले. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले निवडीत ३४ टक्के, पण पुढे एनएचएलमध्ये खेळल्या गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा ४२ टक्के आणि गुणांत ४४ टक्के. म्हणजे संघ वर्षाच्या पूर्वार्धातल्या मुलांना अंमळ आधी उचलतात आणि उत्तरार्धातल्यांना मागे ठेवतात. कारण लहानपणातलं आहे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. जानेवारीतलं पोर आठव्या वर्षी थोराड दिसतं, त्याला चांगल्या संघात घेतात, चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि बाराव्या वर्षी ते खरोखरच चांगलं झालेलं असतं.

इथं एक गुंता आहे आणि तो नीट सोडवायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली मुलं लहानपणी वर्गातली धाकटी, पण ड्राफ्टच्या वर्षी मात्र सर्वांत मोठी, कारण तिथली रेघ १५ सप्टेंबरची. दोन रेघा, दोन वेगळे परिणाम. सध्या मी ड्राफ्टच्या दिवशीचं वय महिन्यांत मोजतोय आणि दर महिन्याला साधारण एक टक्का वजावट किंवा भर धरतोय. एक टक्का हा माझा अंदाज. मागच्या वर्षांवर तपासून बघेन.

(आपल्याकडे वयाचा प्रश्न वेगळ्याच दारानं येतो. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटसाठी बीसीसीआय मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय ठरवतं. इथं जन्मदाखल्याबद्दल कुणाला शंका नसते, आणि तरीही वयच सर्वांत कमी पाहिलं जातं.)

१३ ऑक्टोबर

मागचं वर्ष तपासायला २०१६ घेतलं. आठ वर्षं झालीत, बहुतेकांचं काय झालं ते दिसतं.

प्रत्यक्ष क्रम असा: मॅथ्यूज, लाइने, द्युब्वा, पुल्युयार्वी, युओलेवी, मॅथ्यू कचक. पाचवा युओलेवी आणि सहावा कचक दोघंही लंडन नाइट्सचे, एकाच खोलीत कपडे बदलणारे. कचक आज लीगमधल्या मोठ्या नावांत आहे. युओलेवीची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली. चौथ्या पुल्युयार्वीचंही जमलं नाही. अ‍ॅडम फॉक्स ६६वा. २०२१ला सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याच्या हातात होती.

अ‍ॅलेक्स डीब्रिंकॅट ३९वा. ईरीकडून त्या हंगामात त्यानं ६० सामन्यांत ५१ गोल, १०१ गुण केले होते. तरी ३८ खेळाडू त्याच्या आधी गेले. कारण उंची, पाच फूट सात-आठ इंच. दुसरंही एक कारण सांगितलं जायचं: आदल्या वर्षी तो कॉनर मॅकडेव्हिड आणि डिलन स्ट्रोमच्या संघात होता, तिथं कुणीही गोल केले असते. मॅकडेव्हिड एनएचएलला गेल्यावरही गोल ५१च राहिले, तिकडे मात्र कुणी फारसं बघितलं नाही. पुढे एनएचएलमध्ये त्यानं दोनदा ४१ गोलांचा हंगाम काढला.

माझं गणित डीब्रिंकॅटला पहिल्या दहांत आणतं. छान वाटलं. पण तेच गणित विताली अब्रामोवलाही वर ढकलतं. गॅटिनोकडून ६३ सामन्यांत ९३ गुण, तोही बुटका, वयानं डीब्रिंकॅटहून धाकटा. ६५वा गेला आणि एनएचएलमध्ये त्याचे सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आकड्यांच्या रकान्यात हे दोघं भाऊ-भाऊ दिसतात. यांच्यात फरक करायचा तर खेळ बघावा लागणार, आणि नेमकं काय बघायचं ते आधी ठरवावं लागणार.

गोलरक्षक यादीत घेणार नाही. पुढे लीग गाजवलेले गोलरक्षकही ड्राफ्टमध्ये फार मागे गेले होते: हेन्रिक लुंडक्विस्ट २०५वा, पेका रिने २५८वा, कॉनर हेलेबक १३०वा. सतराव्या वर्षीचा गोलरक्षक ओळखणं ज्यांचा धंदा आहे त्यांनाही जमत नाही, तिथं मी कोण.

३ नोव्हेंबर

लीगचे भाव ठरवण्याचं काम. ओएचएल या ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगमधले १०० गुण आणि स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीतले २५ गुण एका तराजूत कसे घालायचे?

रूढ पद्धत गेब्रियल देजार्दँ यांनी रुळवली. एखाद्या लीगमधून पुढच्याच हंगामात एनएचएलला गेलेले खेळाडू घ्यायचे, दोन्हीकडचे दर सामन्याचे गुण बघायचे, गुणोत्तर काढायचं. रशियाची केएचएल सर्वांत वर येते, मग स्वीडन-फिनलंडच्या मुख्य लीग, कॅनेडियन ज्युनियर त्यांच्या बरंच खाली.

माझ्या धंद्यातला माणूस इथं लगेच भुवई उंचावतो. गुणोत्तर कुणावर काढलंय? जे वर गेले त्यांच्यावर. ओएचएलमधून थेट एनएचएलला जाणारा मुलगा लीगचा प्रतिनिधी नसतो, तो अपवाद असतो. बाकीचे शेकडो गणितात आलेच नाहीत. म्हणून मी एक पायरी मधे घातली: ओएचएल ते एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची व्यावसायिक लीग), एएचएल ते एनएचएल. साखळी लांब होते, पण प्रत्येक कडीत माणसं जास्त मिळतात. कॅनेडियन ज्युनियरचा भाव यानं थोडा उतरला, आणि मला तो पटतो.

जुन्या काळी दूरच्या लीगमधल्या मुलांची चौकशी करणंच अवघड होतं. १९७४मध्ये ड्राफ्ट फोनवरून चालायचा. त्या रटाळ प्रकाराला कंटाळून बफेलोचे व्यवस्थापक पंच इमलॅक यांनी ११व्या फेरीत, १८३व्या क्रमांकावर तारो त्सुजिमोतो नावाचा जपानी खेळाडू निवडला. लीगनं नाव नोंदवून घेतलं. असा कुणी खेळाडू नव्हताच, इमलॅक यांनी तो बनवला होता. आज स्लोव्हाकियातल्या ज्युनियर सामन्याचाही व्हिडिओ रात्रीत मिळतो.

१७ नोव्हेंबर

छोटी नोंद, पण परिणाम मोठा. या महिन्यात एनसीएएनं (अमेरिकी कॉलेजांतल्या खेळांची संस्था) जाहीर केलं की कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये (ओएचएल त्यांतलीच) खेळलेल्यांना १ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकी कॉलेजात खेळता येईल. आजवर ओएचएलचा एक सामना खेळला की कॉलेजचं दार बंद व्हायचं, कारण तिथं मिळणाऱ्या भत्त्यामुळे त्यांना व्यावसायिक धरलं जायचं. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय परत फिरवता यायचा नाही. आता फिरवता येईल. पुढच्या वर्षापासून लीगचे भाव नव्यानं काढावे लागणार.

१ डिसेंबर

किचनरच्या ऑडमध्ये भाच्याबरोबर सामना. (मेमोरियल ऑडिटोरियमला इथं सगळे ऑडच म्हणतात.) मी वही घेऊन बसलो. पहिली दहा मिनिटं माझी मान पकाबरोबर डावीउजवीकडे.

"मामा, तू पक बघतोयस. पक टीव्हीवर बघ. इथं एकच माणूस धर आणि तो बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंत त्याच्यावरची नजर हलवू नकोस."

एक शिफ्ट साधारण पाऊण मिनिटाची. पाहुण्या संघातला एक बचावपटू धरला, नाव लिहीत नाही, कारण तो अजून सतराचा आहे आणि पहिल्या तीन फेऱ्यांत जाईल असं दिसत नाही. दोन शिफ्टमध्येच कळलं की आकड्यांत न दिसणारं किती काय असतं. पक कोपऱ्यात गेला की तो मागे धावतो, पण पोचण्याआधी मान वळवून खांद्यावरून एकदाही बघत नाही. त्यामुळे पक मिळाल्यावर अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो आणि तो पक काचेवर भिरकावून मोकळा होतो. त्याचा जोडीदार दोनदा बघतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पक स्टिकला लागायच्या आत पास कुठं द्यायचा ते त्याचं ठरलेलं असतं. स्केटिंग पहिल्याचं देखणं आहे. खेळ दुसऱ्याचा मोठा आहे.

घरी येऊन बघण्याचा फॉर्म केला. चारच प्रश्न. पक येण्याआधी किती वेळा मागे बघितलं? पक गमावल्यावर पहिली तीन पावलं कुठं पडली? मधल्या पट्ट्यात घुसला की कडेकडेनं फिरला? आणि पास दिल्यावर थांबला की सरकला? सूर, जिद्द, नेतृत्व असले रकाने ठेवले नाहीत. ते भरताना माणूस स्वतःच्या आवडीनिवडी लिहितो.

मधला पट्टा महत्त्वाचा. ज्युनियरमध्ये चपळ मुलगा कडेनं फिरून गुण मिळवतो. एनएचएलचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. तिथले बचावपटू त्याला कडेलाच ठेवतात आणि तो तिथंच फिरत राहतो. अब्रामोवचे जुने व्हिडिओ याच प्रश्नासाठी पुन्हा काढले. तो बऱ्याचदा कडेला सापडतो. डीब्रिंकॅट तेवढ्याच उंचीचा, पण गोलच्या समोर, मारामारीच्या जागेत.

२९ डिसेंबर

ओटावात जागतिक ज्युनियर स्पर्धा चालू आहे. परवा लाटवियाविरुद्ध शेफर गोलच्या खांबावर आदळला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. हंगाम बहुधा संपला. ओएचएलमध्ये १७ सामने, ७ गोल, १५ असिस्ट, एवढ्यावरच ठरवायचं.

विम्यात याला अपुरा अनुभव म्हणतात, आणि त्यावर जुना तोडगा आहे: स्वतःचा अनुभव कमी असेल तर त्याच्यासारख्यांच्या सरासरीकडे थोडं ओढायचं. पण शेफरला 'त्याच्यासारखे' कोण? सतरा वर्षांचा, सामन्याला सव्वा गुणाहून जास्त काढणारा ओएचएलचा बचावपटू ही गर्दी नाही. ओढूनही तो फार खाली येत नाही. शिवाय माझ्या फॉर्मवरचे त्याचे व्हिडिओ सप्टेंबरपासूनचे आहेत आणि त्यांत चारही प्रश्नांची उत्तरं चांगली आहेत.

१९ जानेवारी २०२५

एनएचएलच्या सेंट्रल स्काउटिंगची हंगामाच्या मध्याची यादी आली. हे खातं १९७५पासून चालू आहे. उत्तर अमेरिका आणि बाहेरचे देश, स्केटर आणि गोलरक्षक अशा चार वेगळ्या याद्या. माझं काम होईपर्यंत बघायची नाही असं ठरवलंय, पण बातम्या कानावर पडतातच.

१६ फेब्रुवारी

आज मायकल मिसा अठरा वर्षांचा झाला. सॅजिनॉ स्पिरिटचा हा मुलगा पंधराव्या वर्षी 'अपवादात्मक' दर्जा, म्हणजे वयाआधी खेळायची खास परवानगी, घेऊन ओएचएलमध्ये आला. ओएचएलमध्ये हा दर्जा आधी टवारेस, एकब्लाड, मॅकडेव्हिड, शॉन डे आणि शेन राइटला मिळाला होता. पहिले तीन पहिल्या क्रमांकावर गेले. डे ८१वा, राइट चौथा. पंधराव्या वर्षीचा शिक्का अठराव्या वर्षीपर्यंत टिकतोच असं नाही, म्हणून माझ्या गणितात त्याला शून्य किंमत.

मिसाचे समान संख्येतले गुण वेगळे काढले, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचे. पॉवर प्लेमध्ये समोर एक माणूस कमी असतो. तिथले गुण खरे, पण वरच्या लीगमध्ये पॉवर प्लेवर जागा मिळेल याची हमी नाही. वजावट करूनही मिसा जिथं होता तिथंच राहिला.

हेगन्सचं कोडं उलटं. बोस्टन कॉलेजात तो रायन लेनर्ड आणि गेब परॉ यांच्यामध्ये खेळतो. दोघंही पहिल्या फेरीत निवडलेले आणि वयानं मोठे. लोक म्हणतात, अशा साथीदारांबरोबर गुण जास्त हवेत. मी जोडीनं खेळलेल्या शिफ्ट बघितल्या. मधल्या भागातून पक वर नेण्याचं काम बहुतेक वेळा हेगन्सच करतो. लेनर्ड शेवट करतो. गोल लेनर्डच्या नावावर लागतो, त्याआधीचा पास हेगन्सचा, कधी त्याच्याही आधीचा. कॉलेजातले विरोधक वीस-बावीसचे. गुण मर्यादित आहेत, पण स्वस्तातले नाहीत.

९ मार्च

स्वीडनचे सामने इथं दुपारी, शनिवारचे तर सकाळी चहाबरोबर. युर्गोर्डेन या स्टॉकहोमच्या संघात दोन मुलं: सेंटर अँटन फ्रोंडेल आणि विंगर विक्टर एक्लुंड. लीग दुसऱ्या श्रेणीची, पण मोठ्या माणसांची. तिशीतला बचावपटू कोपऱ्यात अंग टाकतो तेव्हा समोरचा मुलगा किती वेळ पायांवर राहतो ते कळतं. फ्रोंडेल राहतो. एक्लुंड फ्रोंडेलहून हलका आहे, पण पक गमावल्यावर पहिली तीन पावलं नेहमी परत पकाकडे. प्रश्न दोन ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी असाच कुणीतरी डोळ्यांसमोर होता.

घरच्यांना शनिवारी सकाळी हा आवाज नको असतो. हेडफोन आणले.

१३ एप्रिल

नियमित हंगाम संपले. शेवटचे आकडे भरले. मिसा ६५ सामन्यांत ६२ गोल, ७२ असिस्ट, १३४ गुण. मार्टोन ५७ सामन्यांत ९८. मॉन्क्टनचा कॅलेब देनॉये ५६ सामन्यांत ८४. कॅलगरी हिटमेनचा बेन किंडल ६५ सामन्यांत ९९. सू ग्रेहाउंड्सचा ब्रेडी मार्टिन ५७ सामन्यांत ७२. हेगन्स ३७ सामन्यांत ३७. फ्रोंडेल २९ सामन्यांत २५. ब्रँडनचा रॉजर मॅक्वीन पाठीच्या दुखण्यानं १७च सामने खेळला, २० गुण.

नुसत्या दर सामन्याच्या गुणांवर मार्टोन मिसाच्या लगेच मागे उभा. वयाची वजावट लागली की मधली फट रुंदावते, मार्टोन पावणेचार महिन्यांनी मोठा आहे. पण फॉर्मवर मार्टोनबद्दल चांगलं बरंच आहे. सहा फूट तीन इंचांचा मुलगा गोलसमोर उभा राहतो आणि तिथून पास देतो. हे वरच्या लीगमध्ये विकतं. त्याला किती खाली आणायचं यावर अजून मन ठरलेलं नाही.

किंडलचं मात्र ठरलं. पाच फूट दहा इंच, एप्रिल २००७चा जन्म, समान संख्येतले गुण भरपूर, पकाशिवाय कष्टाळू. बहुतेक याद्यांत तो पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात दिसतोय. माझ्याकडे नववा.

६ मे

काल सोडत झाली. न्यूयॉर्क आयलँडर्स दहाव्या जागेवरून पहिल्या क्रमांकावर, ३.५ टक्के शक्यता घेऊन. सॅन होजे दुसरा, शिकागो तिसरा, युटा चौदाव्यावरून थेट चौथा. यादीवर याचा परिणाम शून्य. मी खेळाडूंना क्रम देतोय, संघांच्या गरजा बघत नाही.

याच आठवड्यात टेक्ससमधली अठराखालची जागतिक स्पर्धा कॅनडानं जिंकली, अंतिम सामन्यात स्वीडनवर ७-०. ब्रेडी मार्टिनचा गाजावाजा तिथून वाढला. हा मुलगा आमच्या शेजारचा, वॉटर्लूच्या उत्तरेला एलमायराचा, घरची शेती, गुरं. पठ्ठ्याचा धक्का बसला की समोरचा दोन सामने विसरत नाही. मला तो आवडतो. म्हणूनच त्याचा फॉर्म भाच्याकडून वेगळा भरून घेतला. त्याचे आणि माझे आकडे जवळजवळ जुळले, अकरावा.

८ जून

बफेलोत शारीरिक चाचण्या झाल्या. सायकलवरची विंगेट चाचणी, श्वासाची चाचणी, उड्या, पुल-अप, आणि त्याआधी संघांच्या बंद खोल्यांतल्या मुलाखती. मुलाखतींचं महत्त्व मोठं आहे, पण त्या मला ऐकायला मिळत नाहीत. चाचण्यांचे आकडे मिळतात आणि त्यांचं महत्त्व कमी आहे. वैद्यकीय तपासणी सर्वांत महत्त्वाची, ती फक्त संघांना दिसते. मॅक्वीनची पाठ कशी आहे हे त्यांना कळलं असेल. मला नाही, म्हणून तो माझ्या यादीत रुंद कंस लावून: आठ ते वीस.

१८ जून

काल रात्री फ्लोरिडानं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, राखला आणि प्ले-ऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सॅम बेनेट, १५ गोल. हाच बेनेट २०१४च्या चाचण्यांत एकही पुल-अप काढू शकला नव्हता आणि आठवडाभर त्याचीच चर्चा होती. कॅलगरीनं तरीही चौथा घेतला होता. याच महिन्यात हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी गोलरक्षक हेलेबककडे गेली, तोच १३०वा.

पुल-अपचा रकाना काढून टाकला.

२६ जून

यादी बंद. वरचे बारा: शेफर, मिसा, फ्रोंडेल, देनॉये, हेगन्स, मार्टोन, एक्लुंड, जेक ओब्रायन, किंडल, रादिम मर्त्का, ब्रेडी मार्टिन, मॅक्वीन. मॅक्वीनपुढे कंस तसाच.

शेफर पहिला ठेवताना हात अडखळला नाही. १७ सामने कमी आहेत, पण दहा महिने धाकटा असूनही तो मोठ्यांच्या बरोबरीनं उभा होता, आणि त्या दहा महिन्यांत तो काय होईल हे गणितात थोडंतरी धरता येतं. मिसाचे आकडे जास्त पक्के आहेत. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक माझ्याकडे अगदी बारीक आहे.

भाचा मार्टोनला तिसरा ठेवतो. आम्ही त्यावर जेवणाच्या टेबलावर बराच वेळ घालवला. त्याचं म्हणणं, वयाची वजावट ठीक आहे पण एवढ्या उंचीचा माणूस असा पास देतो हे वर्षातून एकदाच दिसतं. त्याची यादी वेगळी नोंदवून ठेवली आहे.

२९ जून

प्रत्यक्ष निकाल: शेफर आयलँडर्सकडे, मिसा सॅन होजेकडे, फ्रोंडेल शिकागोकडे, देनॉये युटाकडे. मग नॅशव्हिलनं पाचव्या पाळीला ब्रेडी मार्टिन घेतला. तो ड्राफ्टसाठी लॉस एंजेलिसला गेलाच नव्हता, एलमायरात शेतावर होता. मार्टोन सहावा, फिलाडेल्फिया. हेगन्स सातवा, बोस्टन. ओब्रायन आठवा, मर्त्का नववा, मॅक्वीन दहावा अनाहाइमला. त्याची पाठ बघणाऱ्यांना बरी वाटली असावी. किंडल अकरावा, पिट्सबर्ग. एक्लुंड सोळावा, पुन्हा आयलँडर्सच.

किंडलचं नाव पुकारलं तेव्हा प्रक्षेपणात आश्चर्य होतं, आमच्याकडे नव्हतं. एक्लुंड सोळाव्यापर्यंत राहिला याचं मला आश्चर्य. त्याला सातवा धरताना मी वजन-उंचीला फारशी किंमत दिली नाही, संघांनी दिली. मार्टिनबाबत उलट: नॅशव्हिलनं जे पाहिलं त्यातलं अर्धं माझ्या फॉर्मवर मोजलंच जात नाही, अंगावर जाण्याला माझ्याकडे रकाना नाही. २०३० साली या दोन नावांवर भाच्याशी बोलायचं आहे.

यादीच्या पानाला कुलूप.

१२ जुलै

पुढच्या वर्षाची फाइल उघडली. नवी रेघ १५ सप्टेंबर २००८. गॅव्हिन मॅकेना या आठवड्यात मेडिसिन हॅटचा संघ सोडून पेन स्टेट या अमेरिकी कॉलेजला गेला: जन्म २० डिसेंबर २००७, डब्ल्यूएचएलमध्ये (पश्चिमेकडची ज्युनियर लीग) ५६ सामन्यांत १२९ गुण, आणि आता समोर वीस-बावीसचे कॉलेजवाले. त्याच्यासारखे बरेच जण हीच वाट धरतील, म्हणजे कॉलेजचा जुना भाव चालणार नाही आणि ज्युनियरचाही उतरेल. नवे गुणोत्तर काढायला पुरेशी माणसं डिसेंबरपर्यंत मिळणार नाहीत, तोवर दोन्ही लीगला सध्याचाच भाव लावून समोर प्रश्नचिन्ह ठेवतो.

रकाने दोन वाढवले: हंगामात लीग बदलली का, आणि अंगावर जाणं. दुसऱ्याचा प्रश्न कसा लिहायचा ते भाच्यानं ठरवायचं आहे. तो म्हणतो, धक्का किती जोरात मारला ते मोजू नकोस, धक्क्यानंतर पक कुणाकडे राहिला ते मोज.